दोघांनीच जपानला जाताना सामान किती आणि कसे न्यावे? परत आलेल्यांचे अनुभव हवे आहेत

चाफा (सांगली)

नमस्कार. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मी आणि माझे यजमान तेरा दिवसांसाठी जपानला निघत आहोत. मी ५७ वर्षांची आहे, ते ६२ वर्षांचे आहेत आणि भारताबाहेरचा हा आमचा पहिलाच प्रवास आहे. कोणत्याही यात्रा कंपनीबरोबर न जाता आम्ही दोघेच जाणार आहोत. आधी टोकियो, मग क्योतो, तिथून कोयासान या मठांच्या डोंगरावर एक रात्र, पुढे हिरोशिमा आणि शेवटी ओसाका असा बेत आहे. टोकियोत निशी-कासाईला माझा भाचा राहतो, त्याच्याकडे पहिला दिवस राहू.

आमच्या तिकिटावर प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा नेण्याची मुभा आहे, त्यामुळे घरातले सगळे सांगत आहेत की भरपूर न्या, परक्या मुलुखात अडायला नको. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत, यजमानांना रक्तदाबाच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात आणि मला थंडी सोसत नाही, म्हणून यादी रोज वाढत चालली आहे. तयार याद्या मी पुष्कळ वाचल्या, पण त्या एकट्याने फिरणाऱ्या तरुणांसाठी लिहिलेल्या वाटतात. ज्यांनी पती-पत्नी म्हणून असा प्रवास केला आहे, त्यांना परत आल्यावर काय वाटले, कोणते सामान उगाच नेले आणि काय नेले नाही म्हणून खोळंबा झाला, हे कृपया सविस्तर सांगावे.

सिंहगडरोड (पुणे)

चाफाताई, आम्ही दोघे गेल्या वर्षी नोव्हेंबरात जवळजवळ याच मार्गाने फिरून आलो. माझे वय ५९ आणि ह्यांचे ६४. परत आल्यावर बॅगा रिकाम्या करताना आम्ही दिवाणखान्यात तीन ढीग केले: रोज वापरलेले, एकदा-दोनदा वापरलेले आणि मुळीच न वापरलेले. तिसरा ढीग वजनकाट्यावर ठेवला तेव्हा तो साडेनऊ किलो भरला. जाताना आम्ही दोघांत मिळून ४१ किलो नेले होते, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा आम्ही नुसता हिंडवून परत आणला होता. तो ढीग पाहून आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही, कारण त्या ओझ्याची किंमत आम्ही हिमेजीला मोजली होती.

ते कसे झाले ते सांगते. आमच्या घरी बॅगा नेहमी मी भरते आणि हे उचलतात. तीस वर्षांत ही वाटणी कधी बदलली नाही, कारण आजवरचा प्रवास घरापासून स्टेशनपर्यंत रिक्षाने आणि पुढे हमालाच्या मदतीने होत होता. जपानमध्ये हमाल नाही. टोकियोतील शिंजुकू स्थानकाला बाहेर पडण्याचे दोनशेहून अधिक मार्ग आहेत. लिफ्ट असते, पण ती नेमक्या एखाद्या दारापाशी असते आणि ते दार पुष्कळदा आपल्या वाटेच्या उलट दिशेला निघते. टोकियोतच एका संध्याकाळी आम्ही चुकीच्या बाजूला आलो, समोर जिना होता, आणि ह्यांनी माझे न ऐकता दोन्ही मोठ्या बॅगा एकामागून एक वर नेल्या. क्योतोला जाताना शिंकान्सेन या अतिवेगवान आगगाडीत त्या बॅगा डोक्यावरच्या फळीवर चढवणे आम्हाला जमले नाही, म्हणून सव्वादोन तास त्या गुडघ्यांना टेकवून बसलो. नवव्या दिवशी आम्ही हिमेजीचा किल्ला पाहायला गेलो. तो पाहण्याची इच्छा ह्यांची होती, माझी नव्हती. बाहेरून पाच मजली दिसणाऱ्या त्या पांढऱ्या बुरुजाच्या पोटात सहा मजले आणि तळघर आहे, जिने लाकडी आणि अत्यंत उभे आहेत, आणि पादत्राणे काढून हातातल्या पिशवीत घेऊन चढावे लागते. ह्यांचा उजवा गुडघा तोवर इतका दुखावला होता की हे दुसऱ्या मजल्यावरून परत फिरले आणि मी एकटीने वर जाऊन पाहून आले. खाली आले तेव्हा हे अंगणात बाकावर बसले होते आणि मला विचारत होते, वरून काय काय दिसले. त्या बॅगांत मी भरलेल्या चार साड्या, दोन जादा स्वेटर, इस्त्री आणि विजेचा छोटा कुकर होता. यांतले काहीही आम्हाला लागले नव्हते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, आपली बॅग आपल्याला स्वतःला उचलून वीस पायऱ्या चढता आली पाहिजे, आणि हे घरी जिन्यावर चढून पाहावे. आता आम्ही प्रत्येकी एक मध्यम बॅग घेतो, भरून १२ ते १३ किलोंपेक्षा जास्त नाही, आणि आपापली बॅग प्रत्येकाने स्वतः भरायची असे ठरवले आहे. ह्यांना प्रारंभी ते अवघड गेले. पण आपण काय नेत आहोत हे ज्याचे त्याला ठाऊक असले की "माझा मफलर कुठे आहे" हा प्रश्न दिवसातून चार वेळा येत नाही, हा मला झालेला मोठा लाभ आहे.

विजेच्या कुकराबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण पुष्कळ शाकाहारी मंडळी तो नेतात. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची आहे आणि आपली उपकरणे २३० व्होल्टसाठी बनवलेली असतात. तापवणारे उपकरण विजेच्या निम्म्याहून कमी दाबावर लावले की उष्णता निम्मी होत नाही, ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे पाचव्या हिश्शाहूनही कमी उरते. आम्ही तयार खिचडीचे पाकीट त्यात घालून पाऊण तास वाट पाहिली आणि पाणी फक्त कोमट झाले. मोबाइलच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, त्यामुळे ते बिनदिक्कत चालतात. फक्त तिथले प्लग दोन चपट्या पिनांचे असल्याने तसे अडॅप्टर दोन न्यावेत. हॉटेलच्या खोलीत बहुधा पाणी उकळण्याची किटली असते. उकळते पाणी ओतून होणारे पोहे, उपमा, सूप हे सगळे त्यावर उत्तम होते.

दुसरी गोष्ट म्हणजे तिथे 'ताक्युबिन' नावाची सामान पोचवण्याची सेवा आहे. हॉटेलच्या स्वागतकक्षात सकाळी मोठी बॅग दिली की ती दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरातल्या हॉटेलात पोचते. आम्हाला ही सेवा ऐकून माहीत होती, पण परक्या देशात बॅग नजरेआड करायला मन धजेना, म्हणून पहिले नऊ दिवस वापरली नाही. हिमेजीनंतर वापरली. एका बॅगेला अडीच हजार येनच्या आसपास पडले आणि दोन्ही बॅगा सांगितल्या वेळी पोचल्या. मात्र मधल्या एका रात्रीचे कपडे, गोळ्या आणि चार्जर पाठीवरच्या पिशवीत हवे, म्हणून प्रत्येकाची एक हलकी पाठपिशवी आधीपासूनच लावून ठेवावी.

कोयासानला तर मोठी बॅग नेऊच नये. ओसाकातील नांबा स्थानकातून आगगाडी, मग उभ्या चढणीची केबल कार आणि वर बस असा तो प्रवास आहे. आम्ही बॅगा पुढे पाठवून दोन पाठपिशव्या घेऊन वर गेलो. हा मठांचा डोंगर कूकाई या बौद्ध आचार्यांनी इ. स. ८१६ मध्ये वसवला. त्यापूर्वी चीनमधल्या चांगआन नगरीत ते संस्कृत आणि सिद्धम् लिपी शिकून आले होते. ओकुनोइनच्या दफनभूमीत उंच देवदारांखाली दोन किलोमीटरची वाट आहे, आणि तिथल्या थडग्यांवर, लाकडी फळ्यांवर ती अक्षरे आजही लिहिलेली दिसतात. आपल्या देवनागरीशी तिचे नाते ब्राह्मीपासूनचे आहे, त्यामुळे एखादे अक्षर ओळखीचे वाटून आम्ही पुनःपुन्हा थांबत होतो. कूकाईंच्या पंथात 'अ' या एकाच अक्षरावर चित्त ठेवण्याची ध्यानपद्धती आहे. गुडघ्याला पट्टा बांधून हे ती सबंध वाट चालले, कारण त्या दिवशी ह्यांच्या पाठीवर चार किलोंपेक्षा जास्त वजन नव्हते.

निशिकासाई (टोकियो)

मी येथे नऊ वर्षांपासून राहतो आणि दरवर्षी कोणाचे ना कोणाचे आई-वडील भेटीला येतात, तेव्हा विमानतळावर ज्या अडचणी उद्भवतात त्याच येथे लिहितो.

औषधांबद्दल जपानचे नियम कडक आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे स्वतःसाठी एक महिना पुरतील इतकी आणता येतात. त्याहून अधिक आणायची असल्यास प्रवासापूर्वीच 'युन्यू काकुनिन-शो' नावाचे आयात प्रमाणपत्र घ्यावे लागते. आपल्या तेरा दिवसांच्या प्रवासासाठी त्याची गरज पडू नये, परंतु गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात, डबीत सुट्या काढून आणू नयेत, आणि औषधांची मूळ नावे असलेली इंग्रजी चिठ्ठी सोबत असावी. सर्दीच्या गोळ्यांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. ज्या औषधात स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असते, ते येथे आणण्यास बंदी आहे, मग ते आपल्याकडे कितीही सर्रास मिळत असो. कोडीनयुक्त खोकल्याचे औषधही घरीच ठेवावे, असे मी सर्वांना सांगतो.

खाद्यपदार्थांत मांसाचा अंश असलेले काहीही चालत नाही, तो प्रश्न आपल्याला नाही. पण ताजी फळे, भाज्या आणि पाने यांना वनस्पती-तपासणीचे प्रमाणपत्र लागते, आणि कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, लिंबे हे प्रेमाने बांधून दिलेले पुडके तिथेच टाकून द्यावे लागते. एका काकूंना त्याचे फार वाईट वाटले होते, कारण कढीपत्ता त्यांच्या परसातला होता. कच्च्या धान्यालाही तपासणी लागते, तेव्हा डाळ-तांदूळ आणूच नयेत. निशी-कासाईत भारतीय किराण्याची दुकाने आहेत आणि भाचा तेथून सगळे आणून देईल. दिवाळीचा फराळ जरूर आणावा. चकली, शेव, चिवडा, लाडू यांना अडचण आलेली मी पाहिलेली नाही.

आणखी काही लहान वस्तू लिहितो, ज्या नसल्या की दिवसभर अडते. सार्वजनिक ठिकाणी कचराकुंड्या फार थोड्या आहेत. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर अनेक ठिकाणच्या कुंड्या काढून टाकण्यात आल्या. त्यामुळे स्वतःचा कचरा ठेवण्याची पिशवी जवळ असावी लागते. स्वच्छतागृहांत हात पुसायला अनेकदा काही नसते, म्हणून प्रत्येकाकडे स्वतःचा हातरुमाल असावा. नाणी ५०० येनपर्यंतची असल्याने ती लवकर साठतात आणि त्यांना एक वेगळी छोटी थैली लागते. देवळांत, किल्ल्यांत, जुन्या पद्धतीच्या उपाहारगृहांत जोडे दिवसातून अनेकदा काढावे लागतात, तेव्हा नाड्यांचे बूट टाळावेत आणि मोजे धड असावेत. पासपोर्ट हॉटेलात ठेवून फिरू नये. परदेशी पाहुण्याने तो सतत जवळ बाळगावा, असा येथील कायदा आहे. पॉवर बँक मोठ्या बॅगेत घालता येत नाही, आणि जपानी विमान कंपन्यांनी जुलै २०२५ पासून ती डोक्यावरच्या कप्प्यातही न ठेवता आसनापाशी ठेवण्यास सांगितले आहे.

कृष्णाकाठ (कराड)

वरचे दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, पण कमी सामानाचा आग्रह खाण्याच्या बाबतीत फार ताणू नये, असे मला वाटते. माझ्या पत्नीला मधुमेह आहे आणि तिला ठरल्या वेळी खावे लागते. तिथे शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांतही अनेकदा 'दाशी' असते, म्हणजे समुद्रशैवाल आणि वाळवलेला बोनिटो मासा यांचा अर्क. सोबा-उदोन या शेवयांचा रस्सा, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे सूप, शिजवलेल्या भाज्या या सगळ्यांत ती असू शकते. आम्ही पहिले तीन दिवस प्रत्येक जेवणाआधी भाषांतराचे अ‍ॅप पुढे करून दाशी नसलेले काही आहे का, असे विचारत होतो आणि बहुतेक वेळा उत्तर नकाराचे येत होते. चौथ्या दिवशी पत्नीची साखर उतरली आणि आम्ही रस्त्याच्या कडेला बसून बरोबरचे राजगिऱ्याचे लाडू खाल्ले. ते लाडू नसते तर मी काय केले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

म्हणून साड्या, इस्त्री, जादा बूट जरूर कमी करावेत, पण खाण्याचे चार किलो कमी करू नयेत. आम्हाला सर्वांत उपयोगी पडले ते मेतकूट. तिथल्या कोणत्याही कोपऱ्यावरच्या दुकानात शिजवलेल्या भाताची बंद वाटी मिळते आणि ते ती गरम करून देतात. त्यावर मेतकूट आणि घरच्या तुपाची छोटी बाटली असली की जेवण झाले. दशम्या पहिल्या दोन दिवसांना पुरल्या, पुढे भाजलेले शेंगदाणे, खाकरे आणि भडंग होते. उमेबोशी नावाचे खारवलेले आंबट फळ घातलेला भाताचा त्रिकोणी गोळा आपल्याला चालण्यासारखा वाटतो, पण त्याच्या वेष्टनावरचे घटकही अ‍ॅपने वाचून घ्यावेत. कोयासानला मात्र ही काळजी नाही. मठातले 'शोजिन र्‍योरी' हे जेवण मांस, मासे, इतकेच नव्हे तर कांदा-लसूणही वर्ज्य करून केलेले असते, आणि तिथले तिळाचे मऊ तोफू पत्नीने दोनदा मागून घेतले. खाण्याचे सामान परतीला संपलेले असते, त्यामुळे भेटवस्तूंना जागा आपोआप होते, हाही हिशेब धरावा.

चाफा (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. हिमेजीचा प्रसंग मी यजमानांना वाचून दाखवला. त्यांनी काही न बोलता माळ्यावरून काढलेली मोठी बॅग परत वर ठेवली. आता दोन मध्यम बॅगा आणि दोन पाठपिशव्या असे ठरते आहे.

तरी दोन शंका राहतात. इतक्या लहान बॅगेत तेरा दिवसांचे थंडीचे कपडे कसे बसवावेत? आणि गोळ्या, कागदपत्रे, पैसे हे सगळे एकाच व्यक्तीकडे ठेवावे की वाटून? आमच्याकडे हे सारे माझ्याच पर्समध्ये असते.

सिंहगडरोड (पुणे)

कृष्णाकाठ यांचे खाण्याबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. आम्ही चुकलो ते भांड्यांत. आमचे खाण्याचे सामान तर शेवटच्या दिवशी पुरेपूर संपले होते.

कपड्यांचे म्हणाल तर तेरा दिवसांचे न्यायचेच नाहीत, पाच दिवसांचे न्यावेत. बहुतेक हॉटेलांत नाणी टाकून चालणारी धुण्याची आणि वाळवण्याची यंत्रे असतात, आणि दर चार दिवसांनी संध्याकाळी तासा-दीड तासात सगळे धुऊन-वाळून हातात येते. जाड स्वेटर जागा खातो आणि खोलीत, गाडीत, दुकानात इतके ऊबदार असते की तो काढून हातात धरावा लागतो. त्याऐवजी अंगाला चिकटून बसणारे पातळ गरम कपडे दोन जोड, त्यावर नेहमीचा कुर्ता किंवा सदरा, आणि वरून वारा व पाऊस अडवणारे एक जाकीट पुरते. क्योतोत त्या दिवसांत दुपारी पंधरा-सोळा अंश असतात, पण कोयासान सुमारे ८०० मीटर उंचीवर असल्याने पहाटे पारा शून्याजवळ जातो, आणि प्रार्थनेला मठाच्या थंडगार लाकडी जमिनीवर बसायचे असते. त्या एका सकाळसाठी कानटोपी, लोकरी मोजे आणि शाल मात्र जरूर न्यावी. शाल विमानातही पांघरायला होते. साडी एकच न्या, सिंथेटिक आणि हलकी. मी कोणाच्या घरच्या जेवणासाठी म्हणून नेलेल्या रेशमी साड्या बॅगेतून बाहेरही काढल्या नाहीत.

दुसऱ्या शंकेचे उत्तर आम्ही फार महागात शिकलो. जाताना मधल्या विमानतळावर माझी बॅग मागे राहिली आणि दोन दिवसांनी आली. व्यवस्थित राहावे म्हणून मी ह्यांच्या रक्तदाबाच्या साऱ्या गोळ्या औषधांच्या डब्यात घालून त्याच बॅगेत ठेवल्या होत्या. टोकियोतल्या औषधाच्या दुकानात स्थानिक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या मिळेनात, आणि आमचा दुसरा दिवस दवाखान्यात गेला. डॉक्टर अत्यंत आस्थेने वागले, विम्यातून खर्चही मिळाला, पण ती चूक माझी होती आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. आता ह्यांच्या गोळ्या अर्ध्या ह्यांच्या पाठपिशवीत आणि अर्ध्या माझ्या पाठपिशवीत असतात, दोन्ही मूळ पाकिटातच, आणि मोठ्या बॅगेत एकही नसते. कपड्यांचेही तसेच. माझे दोन जोड ह्यांच्या बॅगेत आणि ह्यांचे दोन जोड माझ्या बॅगेत, म्हणजे एक बॅग हरवली तरी दोघांचेही निभते. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे. रोख रक्कम आणि कार्डे दोघांकडे विभागून. एकमेकांच्या पासपोर्टची आणि विम्याची छापील प्रतही दोघांकडे असावी, कारण गर्दीत चुकामूक झाली तेव्हा ह्यांच्याकडे हॉटेलचा पत्तासुद्धा नव्हता. तो जपानी लिपीत लिहिलेला कागद स्वागतकक्षातून मागून घ्यावा आणि दोघांच्याही खिशात ठेवावा.

एक विनंती आहे. हिरोशिमाहून ओसाकाला परतताना वाटेत ओकायामा लागते, तिथे जरूर उतरावे. तेथील कोराकुएन ही बाग इ. स. १७०० मध्ये पूर्ण झाली आणि तिच्याच धर्तीवर आमच्या सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान उभारले आहे. आम्ही दर रविवारी त्या उद्यानात फिरायला जातो, म्हणून मूळ बाग पाहण्याची फार ओढ होती. बॅगा सकाळीच ओसाकाला रवाना केल्या होत्या, पाठपिशव्या स्थानकावरच्या नाण्यांच्या लॉकरात ठेवल्या आणि मोकळ्या हातांनी तीन तास बागेत फिरलो. मोठे लॉकर सकाळीच भरून जातात, लहान मात्र दुपारपर्यंत मिळतात, तेव्हा पाठपिशवी लहान लॉकरात मावेल अशीच घ्यावी. दुकानातून घेण्यापूर्वी तिची उंची मोजून घ्या. आमची ४५ सेंटिमीटरची होती आणि ती आडवी घालून बसली.